प्रौढांचा अभ्यासवर्ग
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आपल्या सिनेगॉगच्या अभ्यासवर्गाविषयी दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही कमिटीचे आभारी आहोत.

शिक्षणाची ओढ आपल्या समाजाला नवी नाही. कोकणात घाण्यावर तेल गाळणारे आपले वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्याच समाजाने १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने शाळाही काढली.

इस्राएलला आल्यावर आम्हां मोठ्या माणसांना पुन्हा अलेफ-बेतपासून आरंभ करावा लागला. काहींना उल्पान पूर्ण करता आले. पुष्कळांना पोटापाण्यासाठी ते अर्धवट सोडून कारखान्याची पाळी धरावी लागली. लहान मुले सांभाळणाऱ्या भगिनी हिब्रू शिकल्या त्या बाजारात आणि शेजारणींकडून. तेव्हा राहून गेलेला अभ्यास आता पेन्शनीत पुरा करावा, एवढाच या वर्गाचा साधा हेतू आहे.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही बसतो. आधी आठवड्याची पाराशा हिब्रूतून वाचतो, मग तिचा अर्थ मराठीत सांगतो. त्यानंतर आपला स्वतःचा विषय निघतो. जुन्या सणांच्या नावांवर एक संध्याकाळ कशी सरली ते कळलेच नाही! रोश हाशाना हा 'नव्याचा सण', पुरीम हा 'होळीचा सण', आणि योम किप्पुर हा 'दारफळणीचा सण', कारण त्या दिवशी घराची दारे लावून घेत. ही नावे केहिमकरांच्या इतिहासात आहेत. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हाग्गादा छापली गेली, हे ऐकून तर तरुण मंडळी थक्क झाली.

अभ्यास संपला की चहा होतो. कोणी चिकाचा हलवा आणते, कोणी करंज्या. एखादी भगिनी योसेफाच्या आख्यानातील जुने कीर्तन धरते आणि बाकीच्या मागे म्हणतात. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना या संध्याकाळीचा किती आधार वाटतो, हे वेगळे सांगायला नको.

परंतु एक चिंता आहे. मलिद्याच्या ताटाभोवती नातवंडे विचारतात, 'सावता, एलियाहू हानाबीचे नाव आपण का घेतो?' उत्तर आम्हांस ठाऊक असते, पण ते मराठीत असते. नातवंडांना मराठी येत नाही, आणि आमची हिब्रू तिथपर्यंत पोहोचत नाही. दरवर्षी वर्गातली एकदोन खुर्च्या रिकाम्या होतात. त्यांच्याबरोबर किती कीर्तने, किती चाली गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवला?

म्हणून विनंती अशी, की पेटीत पडून असलेल्या कीर्तनाच्या वह्या वर्गात आणा. चाल आठवत असेल तर ती टेप करू द्या. मलिद्याची रीत, सणाची गोष्ट आपण मराठीत सांगा. तरुणांनी ती हिब्रूत लिहून घ्यावी आणि त्या बदल्यात आपली हिब्रू सुधारावी. 'आम्हांला काय येते?' असे म्हणून कोणी घरी बसू नये. आपणांस जे येते ते शिकण्यासाठीच हा वर्ग आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस दीर्घायुष्य व आरोग्य देवो. शालोम.