उत्सवातील गंमत आणि कलावंताची बिदागी



विषय उत्सवातील कार्यक्रमांचा आणि बोलणारा माणूस कामगार संघटनेचा, हे पाहून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. गाण्याबजावण्यावर बोलावे ते गवयाने, नाही तर रसिकाने. आमचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेथे एक सवय जडली. कोठेही काम चाललेले दिसले की ते करणाराच्या हाती काय पडते, हे आधी विचारायचे. ढोलकी वाजविणे हेही कामच आहे. म्हणून महालातील उत्सवांकडे आज आम्ही ह्याच बाजूने पाहणार आहो.

आपल्या नागपुरात उत्सवाचा हंगाम पोळ्यापासून सुरू होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघत आली आहे. मग गणपती येतात. अनंत चतुर्दशी झाली आणि पितृपक्ष लागला की इतर गावांतले ढोलताशे गप्प होतात. पण महालात मात्र दुसरा गणपती बसतो. पितृपक्षाला आपण हडपक म्हणतो, म्हणून हा हडपक्या गणपती. आणि त्याच्यापुढे थट्टामस्करी चालते, म्हणून मस्कऱ्या गणपती. भोसल्यांच्या वाड्यातील ह्या गणपतीची कथा अशी सांगतात की, खंडोजी ऊर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीहून परत आले, तो घरच्या गणपतीचे विसर्जन होऊन गेलेले. विजयाचा आनंद तर साजरा व्हायला हवा! तेव्हा त्यांनी हडपकातच गणपती बसविला आणि त्याच्यापुढे लावण्या, नकला, खडी गंमत असे खेळ करविले.

ह्या कथेत आम्हांला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली ही की, सत्ताधाऱ्याने आपल्याच वाड्यात मस्करीला पाट मांडून दिला. जेथे एरवी मान खाली घालून उभे राहायचे, तेथे शिपायाने आणि कारकुनाने एकत्र हसायचे, ही लहान गोष्ट नव्हे. दुसरी गोष्ट पोटाची आहे. हडपकात लग्नकार्ये नसतात, मंगलकार्ये नसतात. वाजविणाराचे हात रिकामे असतात. नेमक्या त्याच पंधरवड्यात जो फडाला बोलावणे धाडतो, तो फडाच्या चुलीवर भाकरी ठेवतो. चिमणाबापूंच्या मनात हे होते की नाही, तो इतिहासकारांचा प्रश्न. परिणाम मात्र तोच झाला असणार.

खडी गंमत ही आपल्या पूर्व विदर्भाची, झाडीपट्टीची वस्तू. शाहीर, त्याच्यामागे सूर धरणारे साथीदार, ढोलकी, टाळ, आणि स्त्रीवेष घेऊन नाचणारा नाच्या. सारेजण उभ्यानेच खेळ करतात, म्हणून ती खडी. तिला पडदा लागत नाही, देखावा लागत नाही. लागतो तो माणसाचा गळा आणि माणसाचे पाय. म्हणजे भांडवल सगळे शरीराचे. आणि शरीराचे भांडवल म्हातारपणी आटते, हे गिरणीवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता उत्सवाचा खर्च कोणी केला, ते पाहू. आधी राजा होता. तिसरे रघूजी १८५३ साली वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८६४ साली महालातील काळ्या दगडाचा राजवाडा जळाला. मोठा दरवाजा तेवढा उरला. त्यानंतर आली गिरणी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मग मागावरच्या कोष्ट्याने आणि साच्यावरच्या कामगाराने आपल्या कमाईतून वर्गणी काढावी आणि मोहल्ल्यात गंमत उभी करावी, असे दिवस आले. ह्याच मिलने १९०१ साली कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. दिवाळीचा बोनस पुढे लढून मिळाला; १९६५ च्या कायद्याने तो हक्क पक्का झाला आणि आज त्याचे किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याचा पगार, एवढे आहे.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. मांडवात बसून जो पाहत होता, त्याला निधी होता, पुढे बोनस मिळाला. मांडवात उभा राहून जो नाचत होता, त्याला काय मिळाले? बोनस हा सणाचा पैसा. पण ज्याच्या श्रमावर सण उभा राहतो, त्याच्या वाट्याला बोनस हा शब्दसुद्धा आला नाही.

एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. आता उत्सवाचा खर्च जाहिरातीच्या फलकांतून आणि देणगीदारांच्या नावांतून निघतो. रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह उभे राहिले. २२ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शहराला चांगली जागा मिळाली, ह्याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु प्रेक्षकाच्या डोक्यावर छप्पर आले म्हणून कलावंताच्या पायाखाली जमीन आली, असे होत नाही.

आमच्याकडे आलेली एक तक्रार सांगतो. अकरा माणसांचा एक फड भंडाऱ्याकडून टेंपो करून एका मंडळाकडे आला. सायंकाळी पाऊस कोसळला आणि कार्यक्रम रद्द झाला. मांडववाल्याचे बिल पुरते चुकते झाले, दिवेवाल्याचे झाले, ध्वनिक्षेपकवाल्याचेही झाले. फडाला चहा मिळाला आणि डिझेलपुरते पैसे. शाहिराने विचारले तर उत्तर मिळाले, "महाराज, ही तर देवाची सेवा!" सेवा असेल तर ती सर्वांनीच करावी. बांबू पावतीवर येतो आणि माणूस भक्तीवर, हा हिशेब आम्हांला कळत नाही.

दुसरी अडचण वेळेची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. सणासुदीला वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हा नियम योग्यच आहे. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचा विद्यार्थी असतो. पण रात्रभर रंगणारी गंमत दोन तासांत आटोपली, तरी फडाचा प्रवास अर्धा होत नाही आणि जेवणारी तोंडेही कमी होत नाहीत. नियमाचा लाभ सगळ्या मोहल्ल्याने घ्यायचा आणि त्याची किंमत एकट्या ढोलकीवाल्याने भरायची, हे न्यायाचे नव्हे.

कोणी म्हणेल, लोककलेला आता गिऱ्हाईकच राहिले नाही. त्याने एकदा गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-देसाईगंजला जाऊन यावे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटके गावोगाव होतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. त्या रंगभूमीवर उभे आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आणि ध्यानात घ्या, तेथला शेतमजूर तिकीट काढून बसतो! धान कापून मिळालेल्या मजुरीतून तो नटाची मजुरी देतो. आम्ही नागपूरकर मात्र पुढच्या खुर्चीची पासाविना अपेक्षा करीत नाही आणि पास फुकट असावा, असे धरून चालतो. फुकट कार्यक्रम असा काही नसतोच. त्याचे पैसे आपण दिले नाहीत, तर दुसऱ्या कोणी दिलेले असतात. आणि कोणीच दिले नसतील, तर ते कलावंताच्या अंगावर पडलेले असतात.

तर मग करायचे काय? आमच्या मागण्या फार नाहीत. सुपारी तोंडी न देता कागदावर द्यावी; तीत तारीख, वेळ, बिदागी, प्रवास आणि जेवण लिहावे. कार्यक्रम पावसाने वा हुकमाने रद्द झाला, तर काय द्यायचे, तेही आधीच ठरवावे. बिदागी त्याच रात्री चुकती करावी. फडात आता बायाही असतात. त्यांना कपडे बदलायला बंद खोली द्यावी. आणि वर्षअखेर मंडळाचा जमाखर्च वाचताना ‘कलावंत’ हे खाते वेगळे वाचून दाखवावे. त्या एका आकड्यावरून मंडळाची ओळख पटते.

पावतीचा आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगतो. राज्य शासनाची वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झाले आहे. त्यासाठी पन्नाशी उलटलेली असावी लागते आणि निदान पंधरा वर्षे कलेची सेवा केल्याचा पुरावा लागतो. आता सांगा, तीस वर्षे ढोलकी वाजविलेल्या माणसाने पुरावा कोठून आणावा? बोटांचे घट्टे अर्जाला जोडता येत नाहीत. आपल्या मंडळाने आज दिलेली एक पावती, नाव छापलेले एक हस्तपत्रक, हाच उद्या त्याच्या म्हातारपणाचा आधार ठरू शकतो. ह्याला खर्च किती? एका कागदाचा!

बंधुभगिनींनो, चिमणाबापूंच्या वेळी मस्करीला राजाचा आश्रय होता. आज राजे आपण आहो. वर्गणी आपली, मंडळ आपले, मतही आपले. तेव्हा आश्रयाची भाषा सोडून आता हक्काची भाषा बोलावी, हे बरे. येत्या हडपकात मांडवात बसाल तेव्हा पोटभर हसा, आणि खेळ संपला की मंडळाच्या चिटणीसाला गाठून एवढेच विचारा, "फडाची बिदागी चुकती झाली का?" चार जणांनी विचारले तर तो चिडेल, चाळीस जणांनी विचारले तर तो वही आणील. संघटना म्हणजे दुसरे काय असते?