सावलीतली रोपे, उन्हातली रोपे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपले बंगळूर म्हणजे उद्याननगरी. दर पावसाळ्यात आपण हौसेने रोपे लावतो आणि त्यातली बरीचशी वर्षभरात मरतात. पाणी कमी पडले, असे आपण म्हणतो. आज मी दुसऱ्या कारणाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे ऊन.

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचते. तिथे जगण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. जंगल तुटले, रस्ता कापला की मोकळ्या जागी चांदाडा उगवतो. त्याचे बी लहान, लाकूड हलके, वाढ झपाट्याची. पण त्याच्या पानांचा रोजचा खर्चही मोठा, म्हणून दाट सावलीत तो उपाशी मरतो. धुपाचे तसे नाही. त्याचे बी मोठे, म्हणजे रोप शिदोरी घेऊनच येते. वाढ सावकाश, खर्च बेताचा. अशी रोपे सावलीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि एखादा जुना वृक्ष कोसळून ऊन खाली आले की उंच होऊ लागतात.

पनामातील बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टर जंगलातली झाडे १९८० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजली जात आहेत. तिथेही हाच हिशेब दिसला: उन्हात जी जात भराभर वाढते, तिची रोपे सावलीत जास्त मरतात. दोन्ही गुण एकाच झाडाला पुरेपूर मिळत नाहीत.

आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ साली पर्यावरणशास्त्र केंद्र उभारणारे डॉ. माधव गाडगीळ यांनी त्याआधी डॉ. वा. द. वर्तक यांच्यासह महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला होता. देवराईत आपण वरचे वृक्ष पाहून हात जोडतो. पण देवळाच्या जीर्णोद्धारात खालची 'झुडपे' साफ केली, तर थांबलेली पुढची पिढीच जाते. वरची झाडे आणखी काही वर्षे उभी राहतात, म्हणून नुकसान लगेच कळत नाही.

तेव्हा मंडळींनो, रोप घेण्याआधी जागेवर ऊन किती तास येते ते पाहा. मोठ्या झाडाखाली उन्हाची आवड असलेले रोप लावू नका. रोपवाटिकेच्या जाळीखाली वाढलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवू नका, पाने करपतात; दोन-तीन आठवडे थोडे थोडे ऊन दाखवा. आणि बागेतल्या जुन्या झाडाखाली आपोआप आलेले रोप उपटण्याआधी ते कशाचे आहे, एवढे तरी माळ्याला विचारा.