‘बांधी’ या शब्दाची गोष्ट
(गणेशोत्सवात मंडळापुढे केलेले भाषण)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि बंधू-भगिनींनो,

मी भाषेचा अभ्यासक नाही. डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरीला लागलो. पण एका शब्दाने मला शब्दकोश उघडायला लावला, त्याविषयी दोन शब्द.

एका पावसाळ्यात कार्यालयात फोन आला, “साहेब, बांधी फुटली!” फोन घेणारा सहकारी हिंदी भाषक. त्याने ऐकले ‘बांध’, म्हणजे धरण! एकच धावपळ उडाली. मी फोन घेतला तेव्हा कळले, एका काकांच्या धानाच्या शेताचा धुरा वाहून गेला होता.

हिंदीत बांध म्हणजे धरण. मराठीत बांध म्हणजे शेताच्या कडेचा मातीचा वरंबा. आपण त्यालाच धुरा म्हणतो. अशा बांधांनी चारी बाजूंनी बंदिस्त केलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. बालाघाट, गोंदिया, भंडारा या धानपट्ट्यात हा शब्द घरोघरी आहे. मूळ संस्कृत धातू ‘बन्ध्’. धानाला साचलेले पाणी लागते आणि जमीन असते उताराची. म्हणून तिचे सपाट तुकडे पाडून पाणी अडवायचे. वरची बांधी भरली की पाणी खालच्या बांधीत उतरते. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला चिन्नोर तांदूळ अशाच बांध्यांत पिकतो.

त्या वर्षी माझी स्वतःची रोवणी खोळंबली होती. वाटणीत वरची बांधी दादाकडे, खालची माझ्याकडे. बोलाचाली झाली आणि दादाने पाणी उतरायची जागा मातीने बुजवली. मीही बोलणे टाकले. फोनच्या प्रसंगानंतर रात्री सहज शब्दकोश चाळला. बांधी, बांधिलकी, बांधव, बंधू, सगळे एकाच धातूचे! दुसऱ्या दिवशी दादाकडे गेलो. शब्दाचे काही बोललो नाही, नुसता चहा घेतला. निघताना दादाच म्हणाला, “फावडं घे.”

आता ट्रॅक्टरसाठी लहान बांध्या मोडून मोठ्या करतात. काळाची गरज आहे, माझी तक्रार नाही. पण खसऱ्यात फक्त नंबर असतो. ‘आंब्याची बांधी’, ‘विहिरीची बांधी’ ही नावे आपल्या तोंडीच जगतात. ती मुलांना सांगा.

सुरुवातीला मी ‘बंधू’ म्हणालो, तो शब्दही बांधीच्याच घरचा. पाणी खाली उतरू देऊ या.

गणपती बाप्पा मोरया!