दूरचित्रवाणीवरील अश्लीलता आणि कायदा



नको असलेले पुस्तक मिटून ठेवता येते. दूरचित्रवाणीवरील दृश्य मात्र आजोबा, सून आणि शाळकरी मुले यांच्यासमोर एकाच वेळी येऊन उभे राहते. म्हणूनच केबल दूरचित्रवाणीविषयक १९९५ च्या अधिनियमाने कार्यक्रम संहिता बंधनकारक केली. सभ्यतेस बाधक, अश्लील अथवा स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे कार्यक्रम तीत निषिद्ध आहेत.

परंतु अश्लील कशास म्हणावे? खरी अडचण येथेच आहे. रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली इंग्लंडमधील १८६८ ची हिकलिन कसोटी ग्राह्य धरली होती. २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात तीच बाजूस सारून समकालीन समाजाच्या दृष्टीची कसोटी स्वीकारली गेली. सुटे चित्र न पाहता त्याचा संदर्भ व आशय पाहावा लागतो.

संहितेचा भंग करणारा कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यास आहे. स्वतःची नावड हा मात्र त्यास आधार नव्हे. प्रेक्षकाने, २०२१ च्या नियमांनुसार, प्रथम वाहिनीकडेच लेखी तक्रार करावी. तिने पंधरा दिवसांत निर्णय कळवावयाचा असतो. समाधान न झाल्यास स्वनियमन मंडळाकडे अपील करता येते. तक्रारीत तारीख, वेळ व कार्यक्रमाचे नाव अवश्य नमूद करावे. नुसत्या संतापावरून कोणासही चौकशी करता येत नाही.