तिसऱ्या पक्षाचे मत वाया जाते काय?



अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक हा विषय चालकांनी सुचविला, तेव्हा आम्ही प्रथम थोडे कचरलो. कोण येणार आणि कोण पडणार याचे भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत; त्यांत आमची आणखी एक भर कशाला? परंतु एक घरगुती प्रसंग आठवला आणि विषय पत्करला. आमचे एक जुने स्नेही पेनसिल्व्हेनिया राज्यात पुष्कळ वर्षे राहतात. ते आणि त्यांची मुलगी, दोघेही तेथील नागरिक. २०२४ च्या नोव्हेंबरात मुलीने दोन्ही मोठे पक्ष सोडून तिसऱ्याच उमेदवाराला मत दिले, आणि त्यावरून बापलेकींत अबोला झाला. "मत पाण्यात टाकलेस," असे वडिलांचे म्हणणे; "न पटणाऱ्या माणसाला मत देणे म्हणजेच ते पाण्यात टाकणे," असे मुलीचे. स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यासमोर द्यावे, असा विचार आहे.

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेत ती उलटी लागू पडते. तेथे तिसरा भांडणात पडतो आणि लाभ दोघांपैकी एकाचा होतो. १८६० साली लिंकन निवडून आले, तेव्हापासून डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन पक्षांबाहेरचा एकही मनुष्य निवडणूक जिंकून अध्यक्ष झालेला नाही. तिसऱ्या पक्षाकडे माणसे नव्हती, पैसा नव्हता किंवा लोकांना तो नको होता, असे याचे कारण कोणी सांगेल. ते पुरते खरे नाही. खरे कारण मते मोजण्याच्या रीतीत आहे.

अमेरिकन मतदार अध्यक्षाला थेट निवडीत नाही. प्रत्येक राज्याला ठराविक निर्वाचक दिलेले असून त्यांची एकूण संख्या ५३८ आहे, आणि २७० मिळविणारा अध्यक्ष होतो. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर बाकी सर्व राज्यांत ज्याला एका मताची का होईना आघाडी मिळेल, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही, मग तिसऱ्याला काय असणार?

याचा परिणाम किती विलक्षण होतो, ते १९४८ च्या निवडणुकीत दिसले. त्या वर्षी तिसऱ्या बाजूने दोन उमेदवार उभे होते. दक्षिणेतील वर्णभेदाचे समर्थक थर्मंड आणि डाव्या विचारांचे हेन्री वॉलेस. दोघांनाही साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखीच मते पडली. थर्मंड यांची मते दक्षिणेतील मोजक्या राज्यांत एकवटलेली असल्याने त्यांना ३९ निर्वाचक मिळाले. वॉलेस यांची देशभर विखुरलेली होती, म्हणून त्यांना एकही मिळाला नाही. पुढे १९९२ साली रॉस पेरो यांना सुमारे १ कोटी ९७ लाख मते पडली. शंभरांतील एकोणीस मतदार त्यांच्या बाजूचे, आणि निर्वाचक शून्य!

शिवाय, समजा तिघांत निर्वाचक विभागले गेले आणि कोणालाच बहुमत मिळाले नाही. तरी तिसऱ्याचे दैव उघडते असे नाही. त्या वेळी निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते. तेथे लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत असते, आणि ते सभागृह दोन मोठ्या पक्षांच्याच सभासदांनी भरलेले असते. १८२४ च्या निवडणुकीनंतर असे झाले होते. सर्वांत अधिक मते मिळविणारे जॅक्सन बाजूला राहिले आणि ॲडम्स अध्यक्ष झाले.

आता वडिलांच्या बाजूचा पुरावा पाहू. २००० साली फ्लॉरिडा राज्यात बुश आणि गोर यांच्यात अवघ्या ५३७ मतांचे अंतर पडले, आणि त्याच राज्यात राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते होती. नेडर यांच्या मतदारांपैकी थोडे जरी गोर यांच्याकडे वळते, तरी अमेरिकेचा अध्यक्ष निराळा झाला असता. १९१२ साली तर घरच फुटले. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून नव्या पक्षातर्फे उभे राहिले. त्यांना सत्तावीस टक्के आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार टाफ्ट यांना तेवीस टक्के मते मिळाली. दोघांची बेरीज अर्ध्याहून अधिक. परंतु बेचाळीस टक्क्यांचे विल्सन ४३५ निर्वाचक घेऊन गेले.

तेव्हा वडिलांचे म्हणणे खरे मानून आपण उठावे काय? थोडे थांबा. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म १८४४ सालच्या गोष्टीत आहे. त्या वर्षी गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांनी लिबर्टी पार्टी या चिमुकल्या पक्षातर्फे जेम्स बर्नी यांना उभे केले. मोठ्या पक्षांचे उमेदवार होते हेन्री क्ले आणि जेम्स पोक. दोघेही गुलामांचे मालक. परंतु पोक हे टेक्सास ताबडतोब संघराज्यात घेण्याच्या बाजूचे, म्हणजे गुलामगिरीचा मुलूख वाढविण्याच्या बाजूचे. क्ले त्या मानाने सावध. न्यूयॉर्क राज्यात पोक सुमारे पाच हजार मतांनी जिंकले, आणि बर्नी यांना तेथे पंधरा हजारांवर मते पडली. ते एक राज्य क्ले यांना मिळते, तर तेच अध्यक्ष होते. १८४५ साली टेक्सास गुलामगिरीसह संघराज्यात आले. गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून दिलेल्या मताने गुलामगिरीचे क्षेत्र वाढले! याहून कठोर थट्टा इतिहासाने क्वचितच केली असेल.

पण गोष्ट तेथे संपत नाही. १८४८ साली तीच माणसे अधिक व्यापक अशा फ्री सॉइल पक्षात शिरली. त्यांना दहा टक्के मते आणि शून्य निर्वाचक मिळाले. १८५४ साली कॅन्सस व नेब्रास्का या प्रदेशांच्या प्रश्नावर व्हिग हा मोठा पक्ष मोडकळीस आला, आणि त्याच वर्षी हे सर्व प्रवाह मिळून रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. १८६० साली चौरंगी लढतीत सुमारे चाळीस टक्के मतांवर लिंकन अध्यक्ष झाले, आणि १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. ज्या मताने १८४४ साली घात केला, त्याच मताचे एकवीस वर्षांनी फळ आले. वाया कोणते गेले म्हणायचे?

मात्र दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक मोठे घर कोसळले म्हणून नव्याला जागा मिळाली. आणि मधल्या वर्षांची किंमत बर्नी यांच्या मतदारांनी भरली नाही, ती गुलामगिरीत पिचणाऱ्यांनी भरली. मत देणाऱ्याने स्वत:ची सद्सद्विवेकबुद्धी जरूर विचारावी. पण त्या मताचा भार कोणाच्या पाठीवर पडणार, हेही विचारावे.

घर कोसळण्याचा योग वारंवार येत नाही. एरवी तिसऱ्या पक्षाचे काम म्हणजे लष्करच्या भाकऱ्या भाजणे. १८९२ साली शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने चढत्या दराचा प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक यांचा पुरस्कार केला. तिच्या वीव्हर यांना दहा लाखांवर मते आणि २२ निर्वाचक मिळाले. चारच वर्षांत डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे बरेचसे विचार उचलले, ब्रायन यांना उभे केले, आणि पीपल्स पार्टी त्यांच्यामागे जाऊन विरघळली. परंतु १९१३ साली प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक, दोन्ही घटनेत आली. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची.

पेरले जाते ते नेहमी धान्यच असते, असेही नाही. १९६८ साली वर्णभेदाच्या बाजूने उभे राहिलेल्या जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतील पाच राज्ये जिंकून ४६ निर्वाचक मिळविले, आणि पुढे त्यांच्या मतदारांना ओढण्यासाठी मोठ्या पक्षाने आपले धोरण त्या बाजूला झुकविले. तिसरा पक्ष औषध आणतो, तसे विषही आणू शकतो.

मग सांप्रत तिसऱ्या पक्षाचे भवितव्य काय? २०२८ च्या ७ नोव्हेंबरला पुढची निवडणूक आहे. १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत. म्हणजे दोन्ही पक्षांना नवा माणूस शोधणे आले. अशा वेळी तिसऱ्याची आशा पालवते. २०२५ च्या जुलैत इलॉन मस्क यांनी नव्या पक्षाची घोषणाही केली. परंतु घोषणेला एक दिवस पुरतो. पन्नास राज्यांचे पन्नास नियम सांभाळून, सह्या गोळा करून मतपत्रिकेवर नाव आणणे हे डोंगर पोखरण्याचे काम आहे. वादसभेत बसायला मतचाचणीत पंधरा टक्के हवेत. आणि वादसभेत दिसल्याशिवाय पंधरा टक्के मिळत नाहीत! रॉबर्ट केनेडी (धाकटे) २०२३ साली अपक्ष म्हणून उभे राहिले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेऊन ट्रम्प यांच्या पाठीशी गेले, आणि २०२५ साली त्याच शासनात आरोग्यमंत्री झाले. शहाण्या बंडखोरांनी आता दुसरीच वाट धरली आहे. घराबाहेर झोपडी बांधण्यापेक्षा पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीच्या दारातून मोठ्या घरातच शिरायचे. २०१६ साली ट्रम्प असेच शिरले आणि घराचे मालक झाले. सँडर्स दोनदा शिरले, मालकी मिळाली नाही, पण घरातील बोलणे त्यांनी बदलले. म्हणून आमचा अंदाज असा, की २०२८ सालीही अध्यक्ष या दोन पक्षांपैकीच एकाचा होईल.

खरा उपाय मोजणीत आहे, आणि तो आपल्याला परका नाही. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खासदार व आमदार पसंतीचे क्रम लिहितात. १९६९ साली गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या झुंजीत तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले होते. ते बाद झाले तेव्हा त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली गेली, आणि अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे विजयी झाले. देशमुखांना मत देणाऱ्याला मनासारखे पहिले मत देता आले, आणि शेवटच्या निवाड्यातही त्याचा शब्द उरला. मेन राज्याने अशीच पद्धत २०१६ साली लोकमताने स्वीकारली आणि २०२० पासून अध्यक्षाच्या निवडणुकीलाही लावली. अलास्काने २०२० साली स्वीकारली, आणि २०२४ साली ती रद्द करण्याचा प्रयत्न अगदी थोडक्या मतांनी फसला. त्याच वर्षी कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा आणि ऑरेगन यांनी मात्र नकार दिला. वाट लांब आहे. पण वाट आहे ती हीच.

आता बापलेकींचा निवाडा. २०२४ साली पेनसिल्व्हेनियात दोन मोठ्या उमेदवारांतील अंतर एक लाखाहून अधिक होते, आणि तेथील तिसऱ्या पक्षांची सारी मते मिळूनही ते भरून निघत नव्हते. तेव्हा त्या दिवसापुरता मुलीवरचा आरोप टिकत नाही. परंतु हे तिला मत देताना ठाऊक नव्हते. आणि फ्लॉरिडातील लोकांनाही २००० साली ते ठाऊक नव्हते. कॅलिफोर्नियासारख्या एकतर्फी राज्यात तिसरे मत नि:शंक द्यावे. पेनसिल्व्हेनियात ते देताना बर्नी यांची गोष्ट आठवावी. वडिलांना आमचे सांगणे असे, की मुलीशी भांडण्याऐवजी तिच्या बरोबर जाऊन, जी मोजणी तिला असा पेच घालते ती बदलण्याची मागणी करा. आणि मुलीला असे, की चार वर्षांतून एकदा दिलेले मत म्हणजे पक्ष नव्हे. लिबर्टी पार्टीचे लोक मत देऊन घरी बसले असते, तर १८६० उगवलेच नसते.

हे उत्तर आम्ही स्नेह्यांना आधी द्यावयास हवे होते. आज घरी गेल्यावर दूरध्वनी करू.