दोन मिनिटांचा बेली डान्स



रविवारी रात्री जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसणाऱ्या घरांना बेली डान्स आता नवा राहिलेला नाही. आजी, आई-बाबा आणि शाळकरी नात एकाच सोफ्यावर बसून तो बघतात. स्पर्धक मुलगी कंबर थरथरवते, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, प्रेक्षकांत बसलेले तिचे वडील डोळे पुसतात. एके काळी असला नाच हिंदी सिनेमात खलनायकाच्या अड्ड्यावर चालायचा आणि वडीलधारं कुणी खोलीत आलं की आपण नजर चुकवायचो. हा बदल लहान नाही. तो घडवण्यात नृत्यस्पर्धांचा वाटा मोठा आहे.

मी कथक शिकवते. वर्गाला मुली घालायला येणाऱ्या आया हल्ली दोन प्रश्न विचारतात. एक मोठ्याने, "तो टीव्हीवरचा बेली डान्स किती महिन्यांत येतो हो?" आणि दुसरा हळूच, "पण चांगल्या घरच्या मुलींनी करण्यासारखा आहे ना?" हे दोन्ही प्रश्न टीव्हीने दिलेले आहेत. म्हणून टीव्ही आपल्याला या नाचातलं काय दाखवतो आणि काय वगळतो, याबद्दल आज बोलायचं आहे.

सुरुवात नावापासून करू. अरबी भाषेत या नाचाला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. बायका लग्नकार्यात, घरात नाचतात तो 'रक्स बलदी', म्हणजे आपल्या मातीतला. यात पोटाचा उल्लेखही नाही. फ्रेंचांनी त्याला 'पोटाचा नाच' म्हटलं आणि इंग्रजीत त्याचा बेली डान्स झाला. १८९३ साल आणि शिकागो म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती सर्वधर्म परिषद भरली, त्याच प्रदर्शनाच्या करमणुकीच्या भागात 'कैरोतला रस्ता' उभारला होता. तिथला हा नाच अमेरिकेत गाजला. नावामुळे बघणाऱ्याचे डोळे पोटावर खिळले, ते आजपर्यंत.

कैरोत मात्र गोष्ट वेगळी घडत होती. १९२६ साली बदिया मसाबनी या बाईंनी तिथे आपलं करमणूकगृह काढलं. मोठा रंगमंच आला, मोठा वाद्यवृंद आला. नाचात हातांचे डौलदार आकार आले, रंगमंचभर फिरणं आलं, बॅलेची छाप आली. सामिया गमाल आणि तहिया कारियोका या दोघी तिथूनच पुढे आल्या आणि सिनेमाच्या तारका झाल्या. तेव्हा रंगमंच बदलला की नाच बदलतो, ही काही टीव्हीची करामत नाही. पण त्या रंगमंचावर नाचणारीला वेळ होता आणि समोर गाणं समजणारे लोक होते.

विचारवंत एडवर्ड सैद यांनी शाळकरी वयात तहियाला नाचताना पाहिलं होतं. १९९० साली त्यांनी तिच्यावर लेख लिहिला. त्यांच्या मते या कलेचं मर्म नर्तकी किती हलते यात नाही, किती कमी हलते यात आहे.

आता हे मत स्पर्धेच्या कसोटीला लावून बघा. या नाचात शरीराचा एक भाग बोलतो आणि बाकीचे शांत राहतात. दरबुक्यावर 'दुम' पडला की कंबर खाली येते, 'तक'ला झटका बसतो. मग ठेका थांबतो आणि बासरी किंवा कानून एकटं वाजू लागतं. त्याला 'तकसीम' म्हणतात. तिथे नर्तकी त्या क्षणी सुचेल तसं नाचते. आपल्या ठुमरीत एकाच ओळीवर भाव रंगत जातो, तसंच काहीसं. उम्म कुलसूम यांचं १९६४ सालचं 'इन्ता उमरी' मैफलीत तासभर चालायचं. स्पर्धेत मिळतात दीड-दोन मिनिटं. त्यात तकसीम घेतली तर प्रेक्षक चॅनल बदलेल, ही धास्ती. मग उरते फक्त थरथर, डोक्यावरची तलवार, आग आणि कोलांटी. डोक्यावर मेणबत्त्यांचं झाड घेऊन नाचणं ही इजिप्तमधल्या लग्नाच्या वरातीतली रीत. टीव्हीवर तोच 'स्टंट' होतो.

प्रेक्षकाला कसं बघायचं हे शिकवतात ते परीक्षक. ते म्हणतात, "काय कंट्रोल आहे!" नाहीतर म्हणतात, "आग लावलीस!" पहिल्या शेऱ्याने नाचाची कसरत होते, दुसऱ्याने तो पुन्हा त्या सिनेमातल्या अड्ड्यावर जातो. ठेका कसा ऐकलास, गाण्याच्या अर्थाला काय उत्तर दिलंस, हे क्वचितच कुणी विचारतं.

कॅनडात वाढलेली, मूळच्या मोरोक्कोतल्या कुटुंबातली नोरा फतेही २०१६ साली 'झलक दिखला जा'मध्ये स्पर्धक होती. २०१८ च्या 'दिलबर'ने ती घरोघर पोचली आणि २०२२ साली त्याच 'झलक'मध्ये परीक्षक झाली. या नाचासाठी ओळखली जाणारी बाई परीक्षकाच्या खुर्चीत बसली, याचं मोल मला वाटतं. पण त्याचबरोबर वेगवान हिंदी गाणं आणि सडपातळ तरुण शरीर हाच या नाचाचा नमुना ठरला. कैरोत फिफी अब्दू चाळिशी ओलांडल्यावर भरल्या अंगाने नाचत होती आणि लोक तिच्यावर जीव टाकत होते. ते आपल्या पडद्यावर येत नाही.

टीव्हीमुळे प्रतिष्ठा मिळतेच असंही नाही. २०१४ साली इजिप्तमध्ये एका वाहिनीने याच नाचाची स्पर्धा सुरू केली. प्रख्यात नर्तकी दीना परीक्षक होती. दार-अल-इफ्ता या अधिकृत धर्मसंस्थेने त्यावर टीका केली आणि पहिल्या भागानंतर वाहिनीने कार्यक्रम स्थगित केला. नाच जिथे घडला तिथे त्याच्याकडे कला म्हणून बघायचं की नाही हा वाद, आणि आपल्याकडे तो कौटुंबिक करमणूक!

आपण मराठी माणसांनी हे ओळखायला हवं, कारण लावणीचं हेच झालं. यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी बसून गात आणि अदा करत. एका शब्दाचे कितीतरी अर्थ डोळ्यांतून आणि हातांतून उलगडत. स्पर्धेतल्या लावणीत ढोलकीचा कडकडाट, नऊवारी आणि गिरक्या असतात. टीव्हीने लावणी घराघरांत नेली, पण बसलेली लावणी दाराबाहेरच राहिली.

तरीही स्पर्धा बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. लेकीच्या नाचाला टाळ्या वाजवणारा बाप त्यांनी घडवला, हे थोडं नाही. त्या आयांना मी सांगते, नाच चांगल्या घरचा की वाईट घरचा हे बघू नका. शिकवणारा चांगला आहे का ते बघा. तो मुलीला आधी ठेका ऐकायला लावतो का, स्थिर उभं राहायला शिकवतो का, हे विचारा. आणि किती महिन्यांत येईल? कथकला लागतात तितकीच वर्षं धरून चला.

आणि पुढच्या वेळी स्पर्धेत बेली डान्स लागला, तर मिनिटभर डोळे मिटून नुसता दरबुका ऐका. मग डोळे उघडा. ती मुलगी त्या ठेक्याशी बोलते आहे की नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल. त्यासाठी परीक्षकाची गरज लागणार नाही.