जागृत राहण्याचे व्रत
(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही जमाखर्चाचा गोषवारा आपणांपुढे ठेवतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने आकड्यांची भाषा आम्हांला सोयीची वाटते. तो गोषवारा या अहवालात अन्यत्र दिला आहेच. आज मात्र ताळेबंदात न मावणाऱ्या एका विषयावर बोलण्याची अनुज्ञा असावी. ख्रिस्ती मनुष्याने रोजच्या व्यवहारात आत्म्याने जागृत राहणे, हा तो विषय होय.

प्रभू येशूच्या उपदेशात ही आज्ञा पुन्हा पुन्हा येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात दहा कुमारींचा दृष्टांत आहे. दिवे दहाही जणींकडे होते. जास्तीचे तेल मात्र पाच जणींनीच बरोबर घेतले होते. मार्काच्या शुभवर्तमानात परदेशी निघालेला धनी दासांना कामे नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहण्यास बजावतो. कारण धनी संध्याकाळी परतेल, मध्यरात्री परतेल, कोंबडा आरवताना की पहाटे, हे कोणालाच ठाऊक नाही. गेथशेमाने बागेत तर प्रभूच्या निकटचे तीन शिष्य ऐन दुःखाच्या घटकेस झोपी गेले. ते दुष्ट नव्हते, थकले होते. आपली झोपही बहुधा अशीच थकव्याची आणि सवयीची असते.

तो द्वारपाळ खानदेशाला परका नाही. आपल्या गावांची रखवाली करणाऱ्याला पूर्वी ‘जागल्या’ म्हणत आणि अनेक गावी हे काम भिल्ल समाजाकडे असे. शेतकरीही पीक राखण्यास रात्री जागलीला जातो. जागल्याचे मोल त्याच्या मिटल्या न मिटल्या डोळ्यांवर ठरत नसे. कोणाची चाहूल कोणत्या दिशेने येते, हे त्याला कळते की नाही, यावर ठरे.

मराठी ख्रिस्ती जीवनात अशा जागेपणाचे उदाहरण शोधताना आम्हांला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई लगोलग त्यांच्या वाटेने गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पतीकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे जपले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनात दडलेली जुनी सवय हुडकून काढणे आणि तिच्यासाठी प्रथम स्वतःलाच हसणे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला पानोपानी दिसते. या घराचा आपल्या भागाशीही ऋणानुबंध आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या तरुणाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे टिळकांच्या घरी, अहमदनगरला, तो पोटच्या मुलासारखा राहिला. परक्याचे लेकरू दाराशी आले असता ते ओळखू येणे, हीदेखील जागृतीच होय.

आता आमच्या स्वतःच्या झोपेविषयी सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वीची ३१ मार्चची रात्र. वर्षअखेरीचे हिशेब जुळवीत आम्ही कार्यालयात बसलो होतो. उन्हाळा खानदेशाचा, रात्री दहानंतरही भिंतींची धग उतरली नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याकडून, चोपड्याच्याही पलीकडून, एक आदिवासी दांपत्य तापाने फणफणलेले मूल घेऊन आले होते. त्यांच्याजवळ अनामत रक्कम नाही, असे रोखपालाने येऊन सांगितले. शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन सकाळी यावे, असे उत्तर आम्ही मान वर न करताच दिले. ते दोघे बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

पहाटे हिशेब पैशापर्यंत जुळला. समाधानाने बाहेर आलो, तो बाक रिकामा होता. आम्ही रात्रीच्या रखवालदाराकडे चौकशी केली. गळ्यात तुळशीची माळ असलेला, मुक्ताईच्या वारीला जाणारा हा गृहस्थ. मध्यरात्रीनंतर मुलाला झटका आलेला पाहून त्याने कोणाला न विचारता त्याला उचलले आणि अपघात विभागात नेले होते. परिचारिकेने डॉक्टरांना उठविले, उपचार सुरू झाले आणि मूल वाचले. रखवालदार तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. जाता जाता त्याने एवढेच सांगितले की, साहेबांच्या खोलीत दिवा जळत होता, म्हणून ती माणसे निघून गेली नाहीत. कोणीतरी जागे आहे, ते बोलावील, असे त्यांना वाटत होते.

बंधुभगिनींनो, त्या रात्री आमचा डोळा क्षणभरही लागला नव्हता. तरीही जागा होता तो रखवालदार, आणि झोपलो होतो आम्ही.

नियम ठाऊक नव्हता, असेही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात, एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता तत्काळ दाखल करून घ्यावयाचे असते. हे सारे आम्हांला मुखोद्गत होते. त्या रात्री निधीचे खाते चोख होते. आणि तो निधी ज्याच्यासाठी, ते मूल भिंतीपलीकडे होते.

तेव्हापासून आम्ही एक साधा नेम ठेवला आहे. रोज सायंकाळी रोकड जुळविल्यावर दुसरी एक वही उघडावयाची. आज दारातून कोण परत गेले आणि का, एवढेच तीत लिहावयाचे. मग दोन मिनिटे प्रार्थना. काही दिवशी ते पान कोरे राहते. त्याचे समाधान मानण्यापूर्वी आम्ही स्वतःला विचारतो की, आज कोणी परत गेले नाही, की आम्हीच विचारपूस केली नाही? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर उत्तर प्रत्येक वेळी आमच्या बाजूचे नसते. जागृती एकदा मिळवून तिजोरीत ठेवता येत नाही. तिची शिल्लक रोज नव्याने जुळवावी लागते.

देणगीदारांस आमची विनंती अशी की, आपण दिलेले द्रव्य हे दिव्यातील तेल आहे. ते आम्ही काटकसरीने वापरतोच. पण त्या दिव्याच्या उजेडात आम्ही कोणाचे तोंड पाहतो, हेही आपण विचारीत जावे. विश्वस्तांनी लेखापरीक्षणाच्या अहवालाबरोबर ती दुसरी वहीही मागावी. आणि रुग्णांच्या नातेवाइकांनो, अतिदक्षता विभागाबाहेर रात्रीमागून रात्री बसून आपण जे जागरण करता, त्यापासून आम्ही शिकत आहोत. आमच्या खोलीत दिवा दिसला, तर कोणी बोलावील म्हणून थांबू नका. दार ठोठवा. कदाचित त्या वेळी आम्हांला उठविण्याचे काम प्रभूने आपणांवरच सोपविलेले असेल.